संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: लेझरच्या एका फटक्याची नको, वर्षभराच्या गस्तीची किंमत सांगा

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

13 एप्रिल 2025 रोजी कुर्नूलच्या चाचणी क्षेत्रात डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने 30 किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडली. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी 2035 पर्यंत पूर्ण करायच्या 'सुदर्शन चक्र' या देशव्यापी संरक्षण कवचाच्या मोहिमेची घोषणा केली, आणि पुढच्याच आठवड्यात ओडिशाच्या किनाऱ्यावर लेझर अस्त्र विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या जोडीने एकाच यंत्रणेत काम करताना दिसले. या तिन्ही बातम्यांचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यानंतर एक मागणी जोर धरू लागली आहे: हाच लेझर मोठा करा, विमानात बसवा आणि शत्रूचे क्षेपणास्त्र त्याच्याच आकाशात जाळून टाका. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. या मागणीवर एक रुपयाही मंजूर होण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या कानावर घालणे मला माझे कर्तव्य वाटते.

कल्पना खुळी मुळीच नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सर्वांत दुबळे असते ते सुटल्यानंतरच्या पहिल्या मिनिटांत. इंजिन धडधडत असते, ज्वाळेमुळे ते दुरूनही दिसते, वेग अजून पुरता चढलेला नसतो आणि इंधनाच्या टाक्या दाबाखाली ताणलेल्या असतात. टाकीच्या भिंतीवरचा एखादा ठिपका काही सेकंद तापवत ठेवला की धातू मऊ पडतो आणि आतल्या दाबानेच टाकी फाटते. इंजिन बंद होऊन वॉरहेड, म्हणजे टोकाचा स्फोटक भाग, वेगळे झाले, सोबत फसवे फुगे सुटले, की तेच काम कितीतरी अवघड होते. पाकिस्तानने जानेवारी 2017 मध्ये अनेक वॉरहेड वाहून नेणाऱ्या 'अबाबील'ची चाचणी केल्याचा दावा केला होता. त्यातली वॉरहेड सुटी होण्याआधीच अशा अस्त्राला गाठता आले तर एका फटक्यात अनेक संकटे टळतील. शिवाय प्रकाशाला 300 किलोमीटर जायला एक सेकंदाचा हजारावा भाग लागतो. जगातले कुठलेही इंटरसेप्टर (क्षेपणास्त्र पाडणारे क्षेपणास्त्र) ही बरोबरी करू शकत नाही.

म्हणूनच अमेरिकेने हा प्रयोग जिद्दीने केला. 1983 मध्ये त्यांच्या केसी-135 विमानातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरने पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रे निकामी केली होती. नोव्हेंबर 1996 मध्ये बोइंग, टीआरडब्ल्यू आणि लॉकहीड मार्टिन यांना मोठे काम मिळाले: बोइंग 747 मालवाहू विमानात मेगावॅट ताकदीचा लेझर बसवायचा. या विमानाचे नाव वायएएल-1. त्याच्या मागच्या भागात मोटारीएवढी सहा लेझर मॉड्यूल बसवली होती. त्यांत क्लोरीन, आयोडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीव्र द्रावण यांच्या अभिक्रियेतून 1.315 मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा किरण तयार होई. तो विमानाच्या लांबीभर पुढे आणून नाकावरच्या फिरत्या घुमटातल्या सुमारे दीड मीटरच्या आरशावरून बाहेर सोडला जाई.

या आरशापाशी जरा थांबावे लागेल, कारण खरी लढाई तिथेच आहे. दीड मीटरच्या आरशातून निघालेला हा किरण 300 किलोमीटर अंतरावर निसर्गनियमानेच अर्ध्या मीटरहून जास्त रुंद होतो. आरसा निर्दोष असला, वाटेत हवा नसली, तरीही. प्रत्यक्षात वाटेत हवा असतेच आणि ती सतत हलत असते. त्यामुळे आधी एका लहान लेझरने क्षेपणास्त्राचा माग घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या अंगावर प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून हवेने केलेली वेडीवाकडी विकृती मोजायची, आपल्या आरशाचा पृष्ठभाग बरोबर उलट आकारात वाकवायचा आणि मग मुख्य लेझर सोडायचा. हे सगळे थरथरणाऱ्या विमानात बसून, दर क्षणाला वेग वाढवणाऱ्या लक्ष्यावर एकच ठिपका धरून. तरीही हे जमले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ या विमानाने द्रवरूप इंधनाचे क्षेपणास्त्र उड्डाणातच नष्ट केले. त्या अभियंत्यांविषयी मला नितांत आदर आहे.

त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या चाचण्या मात्र फसल्या. 2011 अखेर प्रकल्प गुंडाळला गेला, फेब्रुवारी 2012 मध्ये विमान ॲरिझोनाच्या वाळवंटात उभे केले गेले आणि 2014 मध्ये भंगारात निघाले. खर्च झाला होता सुमारे 5 अब्ज डॉलर.

महोदय, हे विमान तांत्रिक अपयशामुळे बंद पडले असे आपल्याला कोणी सांगितले तर ते अर्धसत्य आहे. 2009 मध्येच तत्कालीन अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी त्यांच्या काँग्रेससमोर खरा हिशेब मांडला होता. लेझर आहे त्याच्या 20 ते 30 पट ताकदीचा हवा, नाहीतर विमानाला इराणच्या हद्दीत शिरूनच घिरट्या घालाव्या लागतील. आणि सतत पहारा ठेवायचा तर अशी 10 ते 20 विमाने लागतील, प्रत्येकी दीड अब्ज डॉलरची, प्रत्येकाचा वार्षिक खर्च 10 कोटी डॉलर.

आता हाच हिशेब आपल्या पैशात करून पाहा. गेट्स यांचा सर्वांत कमी आकडा, म्हणजे 10 विमाने, आणि डॉलरला 85 रुपये धरले तर नुसती खरेदी सुमारे 1 लाख 27 हजार कोटी रुपयांची होते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिन्ही सेनादलांच्या भांडवली खर्चासाठी तरतूद होती 1 लाख 80 हजार कोटींची. त्याच वर्षी डीआरडीओला मिळाले सुमारे 26 हजार 800 कोटी. म्हणजे ही 10 विमाने घेण्यासाठी डीआरडीओचे पावणेपाच वर्षांचे संपूर्ण अंदाजपत्रक लागेल, आणि ती उडती ठेवायला दरवर्षी आणखी साडेआठ हजार कोटी. हे आकडे जुने आहेत. आज ते कमी झाले असतील असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

लेझरच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की एका फटक्याला खर्च किती थोडा! ते खरेच आहे, जमिनीवरच्या लेझरबाबत तर फारच खरे. पण क्षेपणास्त्र कधी सुटेल हे शत्रू ठरवतो, म्हणून विमान रात्रंदिवस हवेत हवे. एक गस्तीवर, एक वाटेत, एक परतताना, काही देखभालीला. त्यांना हवेत इंधन देणारी विमाने हवीत. आपल्या हवाईदलाकडे आयएल-78 जातीची ती सहाच आहेत आणि लढाऊ विमानांनाच ती पुरत नाहीत. सोबत रक्षणाला लढाऊ विमाने, टेहळणीला अवाक्स, म्हणजे रडारवाहू विमाने. वर्षभर एकही फटका न मारता हा सगळा खर्च होत राहणार. किंमत मोजायची ती याची.

आणि ते विमान टिकेल का? 9 ऑगस्ट 2025 रोजी बंगळुरूत आपल्या हवाईदल प्रमुखांनी सांगितले की ऑपरेशन सिंदूरमध्ये आपल्या एस-400 या जमिनीवरच्या विमानविरोधी यंत्रणेने सुमारे 300 किलोमीटरवरचे एक मोठे विमान पाडले. त्याचा अभिमान आपण बाळगतोच. पण लेझरवाहू विमान हेदेखील मोठे, संथ आणि ठरलेल्या पट्ट्यात घिरट्या घालणारेच असणार. आपण जे करू शकतो ते उद्या समोरचाही करू शकेल.

पाकिस्तान जवळ आहे, मग अंतराची अडचण कुठे, असे कोणी विचारील. अंतर खरोखरच आपल्या बाजूचे आहे. वेळ मात्र नाही. कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे इंजिन एक-दीड मिनिटातच विझते, पाकिस्तानच्या 'नस्र'सारख्या 60-70 किलोमीटर पल्ल्याच्या अस्त्राचे त्याहूनही लवकर. ढगांच्या वर येईपर्यंत लेझरला ते दिसतच नाही. पाकिस्तानच्या शाहीन मालिकेतली क्षेपणास्त्रे घन इंधनाची आहेत, त्यांचे कवच लेझरला जास्त वेळ दाद देत नाही. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या 2003 च्या अभ्यासात द्रव इंधनाच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रासाठी या लेझरचा पल्ला 600 किलोमीटर धरला होता, घन इंधनाच्या क्षेपणास्त्रासाठी निम्माच. चीनचे तर बोलायलाच नको. हजार-दीड हजार किलोमीटर आतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रापर्यंत आपल्या हद्दीतून हा किरण पोहोचणार नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. टाकी फाटली म्हणजे वॉरहेड नष्ट झाले असे नव्हे. ते मिळालेल्या वेगाने पुढे जाते आणि अलीकडे कुठेतरी पडते. ढोबळमानाने पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 70 टक्के वेग आल्यावर इंजिन थांबले तर वॉरहेड निम्म्या वाटेवर कोसळेल. दिल्लीकडे निघालेल्या क्षेपणास्त्राची निम्मी वाट म्हणजे कोणाची शेते, कोणाची गावे? पंजाब आणि राजस्थानातल्या सीमेवरच्या माणसांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि त्याचे उत्तर सरकारने आधी तयार ठेवले पाहिजे.

फटका मारायचा निर्णय कोण घेणार हेही ठरवावे लागेल. मिनिटभरात मंत्रिमंडळाची समिती बसत नाही, म्हणजे निर्णय वैमानिकाच्या किंवा यंत्राच्या हाती जाणार. 2005 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी एकमेकांना देतात. सीमेलगत असे विमान फिरू लागले तर त्या करारात नवी कलमे लागतील. मार्च 2022 मध्ये आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले होते. चूक होऊ शकते हे गृहीत धरूनच नियम केले पाहिजेत.

लेझरवरचा पैसा थांबवा असे मी म्हणत नाही, तो वाढवा. 2025 मध्ये 8 आणि 9 मेच्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचे लष्कराने सांगितले होते. ही ड्रोन पाडायला महागडी क्षेपणास्त्रे वापरणे कोणत्याच देशाला फार काळ परवडणार नाही. इथे जमिनीवरचा आणि जहाजावरचा लेझर आपला खर्च लगेच भरून काढेल. डीआरडीओच्या हैदराबादमधल्या 'चेस' या लेझर प्रयोगशाळेने करून दाखवलेले काम आधी विमानतळ, दारूगोळ्याची कोठारे आणि नौदलाच्या जहाजांपर्यंत पोहोचू द्या. विमानातला प्रयोग करायचाच असेल तर इस्रायलने 2021 मध्ये केला तसा करावा: हलके विमान, छोटा लेझर, लक्ष्य ड्रोन. त्यातून हवेतून किरण धरून ठेवण्याची विद्या आपल्या तरुण शास्त्रज्ञांच्या हाती येईल. लढाऊ विमानाला लेझरचे पॉड लावण्याचा अमेरिकेचा 'शील्ड' प्रकल्प विमानावर न चढताच संपला, हेही त्यांना माहीत असावे.

आणि मेगावॅटच्या विमानाचा प्रस्ताव टेबलावर आलाच, तर त्याला मंजुरी देण्यापूर्वी तीन गोष्टी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवाव्यात अशी माझी विनंती आहे. चोवीस तास गस्तीचा, इंधनवाहू आणि रक्षक विमानांसह, वीस वर्षांचा संपूर्ण खर्च. अर्ध्यावर पडणाऱ्या वॉरहेडच्या शक्यतेचा अभ्यास. आणि कोणत्या तारखेपर्यंत, किती अंतरावर, घन इंधनाचे क्षेपणास्त्र पडले नाही तर प्रकल्प थांबेल, ते लेखी. गुप्तता हवी तिथे बंद दाराआड ठेवा, पण हा कागद मंजुरीच्या आधी तयार झालेला असू द्या.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक