‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणजे परवाना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या सामानाच्या यादीत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ हमखास असते. फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसा आणि मूळ परवाना घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जायचे, हजार रुपये भरायचे, की तिकडे गाडी चालवायला मोकळे, असा समज पुण्यात पक्का आहे. पण तो कागद, म्हणजे आंतरराष्ट्रीय परमिट, हे आपल्या परवान्याचे अधिकृत भाषांतर. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. मुदत फार तर एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढीच. आणि तिथे राहायलाच गेलेल्या माणसाला त्या देशाची मुदत लागू होते, कागदावरची नाही.

जर्मनीचेच पाहा, पुण्यातून तिकडे जाणारी मुले खूप. वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवाना तिथे सहा महिने चालतो. पुढे गाडी चालवणे हा फौजदारी गुन्हा ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी चालकाकडून वसुली करू शकते. वर्षाच्या आत परतणार असल्याचे दाखवता आले तर आणखी सहा महिने वाढवून मिळतात. वर्षभरासाठीच गेलेल्यांनी आधी हा अर्ज करावा.

भारतीय परवाना तिथे नुसता बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र आपला परवाना वैध असेल तर नवशिक्यांसाठीचे सक्तीचे तास लागू होत नाहीत. हे ठाऊक नसल्याने पूर्ण पॅकेजचे पैसे भरले जातात. परीक्षेला गाडी आणि प्रशिक्षक ड्रायव्हिंग स्कूलचेच लागतात, त्यामुळे सरावाचे थोडे तास घ्यावेत, तेवढे पुरे. अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा प्रथमोपचार वर्ग, फोटो आणि परवान्याचे भाषांतर लागते. मंजुरीला काही आठवडे जातात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच हालचाल करावी. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते: ३० प्रश्न, चूकगुण १० पेक्षा जास्त झाले की नापास, आणि ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तरी नापास.

प्रत्यक्ष परीक्षेत दहा वर्षे गाडी चालवलेली माणसेही पडतात, ती सवयींमुळे. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. वस्तीतल्या रस्त्यांवर हा प्रसंग सारखा येतो. लेन बदलताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचे, आणि ते परीक्षकाला दिसायला हवे. ‘स्टॉप’च्या पाटीपाशी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. आपण दुसऱ्या गिअरमध्ये हळूच पुढे सरकतो. तिथे परीक्षा त्याच क्षणी संपते. झेब्रा क्रॉसिंगवर कोणी पाऊल टाकायच्या बेतात असले तरी थांबायचे.

ब्रिटनमध्ये १२ महिने मिळतात, पण परीक्षेची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवाना पोहोचल्याबरोबर काढावा. बारा महिने उलटले की आपण शिकाऊ ठरतो: ‘एल’ची पाटी आणि शेजारी अनुभवी परवानाधारक. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचा मिळतो. जपानमध्ये आपला परवाना बदलून घ्यायचा तर तो मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचे दाखवावे लागते. निघण्याच्या आदल्या महिन्यात काढलेला परवाना तिथे कामाचा नाही.

खरी तयारी पुण्यातच करायची असते. इथल्या कितीतरी मुलांकडे फक्त दुचाकीचा परवाना असतो. त्यावर घेतलेल्या आंतरराष्ट्रीय परमिटवरही दुचाकीच येते, कार नाही. कारचा वर्ग वाढवायचा तर आधी लर्निंग, आणि त्यानंतर ३० दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. म्हणजे व्हिसा हातात आल्यावर धावपळ करून काही होत नाही. परवान्याची मुदत पाहावी. संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते, आणि संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. जुन्या पुस्तकी परवान्याची नोंद ‘सारथी’ या परवान्यांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नसेल तर आधी ती ‘बॅकलॉग एन्ट्री’ने करून घ्यावी. नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळावे. कॅनडात ओंटारियोला जाणाऱ्यांनी परवान्याचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आरटीओतल्या नोंदीचा अधिकृत उतारा, काढून न्यावा. तिथे आपला अनुभव मोजून परीक्षेआधीच्या प्रतीक्षेचा काळ कमी करतात, पण त्याचा पुरावा मागतात, आणि तो परदेशात बसून मिळवणे फार अवघड जाते.

आरटीओकडे मागणी एवढीच आहे: परमिट देताना सोबत मराठीत एक छापील पान द्यावे. हे भाषांतर आहे, स्थायिक होणाऱ्याची मुदत निराळी असते, कोणत्या वाहनवर्गासाठी हे चालते आणि जाण्यापूर्वी एक्स्ट्रॅक्ट घ्यावा, एवढे त्यात असले तरी पुरे. अर्ज घेतानाच खिडकीवर ‘कारचा वर्ग आहे का?’ असे विचारले, तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे