एका सॉर्टीत किती शिकवावे

बारामती

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी पुण्याच्या मामांचा प्रश्न सांगितला: विमानाच्या एका तासाला एवढे पैसे मोजायचे, तर त्या तासाच्या सॉर्टीत, म्हणजे सरावाच्या एका उड्डाणात, पायलट होऊ पाहणाऱ्या त्यांच्या मुलाला एकच नवी गोष्ट का शिकवतात? प्रश्न रास्त आहे. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यासाठी घराने बराच काळ पोटाला चिमटा काढलेला असतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

टॅक्सी (विमान जमिनीवरून रनवेपर्यंत नेणे), रनवेपाशी करायच्या तपासण्या, सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन साडेतीन-चार हजार फूट चढणे आणि परत येऊन उतरणे एवढे वजा जाता, तासातला जेमतेम अर्धा तास शिकवायला उरतो. त्यात स्टॉल, म्हणजे नाक फार वर राहून पंखांची उचल कमी पडणे आणि त्यातून सावरणे, शिकवायचा असेल, तर मी आधी मागच्या धड्यातले मंद वेगाचे उड्डाण करून घेते. कारण वेग उतरताना कंट्रोल कसे ढिले पडतात हे हाताला आठवत असेल, तरच नंतरचा इशाऱ्याचा भोंगा, विमानाची थरथर आणि खाली झुकणारे नाक यांचा अर्थ लागतो. मग एकदा मी करून दाखवते, एकदा दोघे मिळून करतो आणि त्यानंतर विद्यार्थी स्वतः करतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उघडे ठेवून करायचा स्टॉल मी त्या दिवशी मुद्दाम घेत नाही.

चार-पाच प्रयत्नांनंतर योकवरची (विमानाच्या सुकाणूवरची) त्याची बोटे आवळली जातात, रेडिओवर आपल्याच विमानाला मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही. तेव्हा ठरवलेले काही उरले असले तरी मी परत फिरते, कारण थकलेल्या हाताला लागलेले चुकीचे वळण मोडायला पुढचे तास खर्ची पडतात आणि त्याचे पैसेही घरालाच भरावे लागतात. आई, तुझ्या टाचणवहीत उरलेला भाग पुढच्या तासावर नेलेला असे, तसाच तो माझ्या वहीतही जातो. समजावून सांगण्याचे सारे काम फळ्यापाशी, उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये व्हावे. इंजिनाच्या आवाजात नवे काही समजावणे मला पटत नाही.

मामांना सांगा, एकाच दिवशी दोन सॉर्टी मिळाल्या तर दुसरीत उजळणीच मागावी. उन्हाळ्यात नवा धडा सकाळीच घ्यावा, दुपारच्या तापलेल्या हवेत विमान फार हलते. आणि उतरल्यावरची चर्चा संपेपर्यंत मुलाने घरी जाण्याची घाई करू नये.

तुमची,
मुक्ता