बाळू, धावू नको, पण बसूही नको

बाळू,

काल तू फोन आपटला त्याचा राग नाही मले. राग आहे तो तुह्या त्या धावायच्या ग्रुपचा. ५७ वर्षाचा माणूस, वजन ९४ किलो, गुडघा झिजून त्यातली फट कमी झाली म्हणून डॉक्टरनं एक्सरेत दाखवलं, अन् तू पोट्ट्यांसंगं डांबरी रोडवर धावून राहिला, वरतून मोबाईलमध्ये पाहून उड्या मारून राहिला. गुडघा फुगला हे सुनबाईनं सांगतलं, तू नाही सांगतलं. तिच्यावर ओरडू नको आता.

धावणं वाईट असं मी म्हणत नाही. ज्याचे गुडघे धड आहेत त्यानं खुशाल धावावं. पण तू म्हणला ना, "मंग काय घरी बसू?", त्याच गोष्टीचं मले जास्त भेव आहे. बाबांचं तेच झालं. गुडघा दुखते म्हणून वावरात जाणं सोडलं, मंग पारावर जाणं सोडलं, मंग दिवसभर बंगईवर. बसून बसून मांडीचं मास गेलं, पोट वाढलं, म्हणजे गुडघ्याले सांभाळणारं कमी झालं अन् वरचा भार वाढला. शेवटी शेवटी बंगईची कडी दोन्ही हातानं धरून उठत, अन् उठायच्या आधी डोळे मिटून घेत. तू तवा नोकरीवर होता, तू ते पाहिलं नाही.

मी माह्या गुडघ्यासाठी सेवाग्रामले जात होती तवा तिथल्या फिजिओथेरपीवाल्या बाईनं सांगतलं होतं, अंगाचं एक किलो उतरलं की चालताना दर पावलाले गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोनं कमी होते. तुह्ये सात-आठ किलो गेले तर किती, हिशोब तूच कर, बँकेत जिंदगी गेली तुही. म्हणून वजन उतरव, त्याले माहं नाही म्हणणं नाहीच, फक्त उड्या नको.

तुह्या कॉलनीजवळ स्विमिंग पूल आहे म्हणत होती सुनबाई. पोहता येत नसलं तरी पाण्यात नुसतं चाल. कमरेइतक्या पाण्यात अंगाचा भार निम्म्यावर येते, छातीइतक्यात तर अजून कमी, अन् पाणी मागं ओढते म्हणून मेहनत पुरी होते. ते नाही जमलं तर जागेवरची सायकल, सीट उंच ठेवजो म्हणजे गुडघा जास्त वाकत नाही, अन् लोड हलका. चालायचं तर ग्राउंडच्या मातीवर, सपाट जागी, दहा मिनिटं सकाळी, दहा दुपारच्या सुट्टीत, दहा संध्याकाळी. एकदमच अर्धा तास पाहिजे असं नाही. हप्त्याचे दीडशे मिनिट हळूहळू होतात. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत घरी, अमरावतीचं ऊन काय असते ते तुले सांगायले नको.

अन् मांडीची कसरत सोडू नको. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ ताणायचा, पाचपर्यंत मोजायचं, हळू खाली. पाय धाडकन सोडायचा नाही, हळू सोडण्यातच खरी ताकद आहे. मंग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं. नंतर खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, जमेल तेवढीच. थोडं दुखलं तर चालते, पण कसरत झाल्यावर दोन तासांनंतरही पहिलेपेक्षा जास्त दुखत असलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही करायचं. बंद करू नको रे बाप्पा. आणि गुडघा लाल होऊन गरम लागला, ताप आला, नाही तर पाय अडकून सरळच होत नसला, तर कसरत नाही, सरळ डॉक्टर.

पाहा, लिहायले बसली तवा ठरवलं होतं की भाषण द्यायचं नाही. माफ कर. अंगणवाडीतली सवय जात नाही.

तू सातवीत असताना तालुक्याच्या शर्यतीत पहिला आला होता, बिनाचपलेचा. घरी आला तर अंगठ्याचं नख उलटलेलं, रक्त वाळलेलं, अन् हातात स्टीलचा गिलास. त्या गिलासात बाबांनी मरेस्तोवर चहा घेतला, दुसऱ्या कशात दिला तर ठेवून देत. तू धावणारा पोट्टा आहे हे मले माहीत आहे, म्हणूनच तुले थांबवणं जीवावर येते. पण बंगईवर बसलेलं अजून एक माणूस मले पाहवणार नाही.

उपास करून वजन उतरवू नको. जेवण तोडलं की चरबीसंगं मासही जाते. भाकर एक कमी कर, वरण दोन वाट्या घे, अंडं चालते तर खा, आलुबोंडा अन् तर्री ऑफिसातल्यांसाठी सोड. काठी घ्यावी लागली तर लाजू नको, अन् ज्या पायाले त्रास त्याच्या उलट्या हातात धरजो. शोभामावशी दुखत्याच बाजूनं धरत होती, त्या फिजिओथेरपीवाल्या बाईनं बदलायले लावली तवा चाल सुधारली.

तुरीची डाळ भरडून ठेवली, शुभमच्या हाती पाठवून राहिली. कसरतीची खुर्ची लाकडाची घे अन् भिंतीले टेकवून ठेव, प्लास्टिकची सरकते. शनिवारी व्हिडिओ कॉल लाव, पाय कसा ताणते ते मले पाहायचं आहे.

आई