आधी कीड ओळखा, मग फवारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की गच्ची-गॅलरीतल्या मिरचीची पाने वळायला लागतात आणि 'काय फवारू?' ही विचारणा सुरू होते. उत्तरे ठरलेली असतात : निंबोळी तेल, ताक-हिंग, लसणाचा काढा, राख. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही बागेवरचा मजकूर बहुतेकदा 'निंबोळी तेल फवारावे' एवढ्यावर संपतो. किती, कशात मिसळून, कोणत्या वेळी आणि मुख्य म्हणजे कोणत्या किडीसाठी, हे त्यात नसते. तेवढ्या चार ओळी जास्त छापल्या तर पुष्कळ झाडे वाचतील आणि ताटात नको ते विष येणे टळेल, म्हणून हे पत्र.

मिरचीचेच घ्या. पान वळले की सगळे त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतात, पण त्यामागे तीन निरनिराळी कारणे असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. पिवळसर, केसाएवढे बारीक किडे कागदावर पळताना दिसतात. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद होऊन देठ लांबला असेल तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा सूक्ष्म 'माइट'). हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. आणि नवी पाने अगदी बारीक, शिरा पिवळट, पेरे आखूड, झाड खुरटलेले असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर कोणताही इलाज नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे, कारण त्याच्या पानांखाली माशीची पिल्ले असतात आणि ती मोठी होऊन माशा झाली की शेजारच्या टोमॅटोवर उडून जायला त्यांना वेळ लागत नाही.

कोळी हा कीटक नाही, म्हणून बरीचशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उलट कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठवड्याभरात तो दुपटीने वाढतो. 'दुकानातले भारी औषध मारले तरी मिरची वळतेच' या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला २ ग्रॅम, उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर फवारू नये, पाने करपतात. काकडी-दोडक्यासारख्या वेलांनाही गंधक सोसत नाही. निंबोळी तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत किमान १५ दिवसांचे अंतर हवे. 'दोन्ही एकदम मारू, म्हणजे एका दमात काम होईल' या विचाराने चांगली झाडे जळतात.

निंबोळी तेलाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त वापर आणि सर्वांत जास्त चुका त्याच्याच. एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली सौम्य द्रवरूप साबण पुरतो. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिच्यातल्या क्षारांनी पाने करपतात. आधी वाटीत तेल आणि साबण नीट फेटून घ्यावे, मग थोडे थोडे पाणी घालत जावे. मिश्रण दुधाळ दिसले पाहिजे. वर तेलाचे तवंग तरंगत असतील तर ते फवारू नये. बाटलीची नळी तळातून ओढते. त्यामुळे सुरुवातीच्या झाडांना नुसते पाणी मिळते आणि बाटली संपत आली की शेवटच्या कुंडीवर निव्वळ तेल पडते. मधून मधून बाटली हलवत राहावी आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पहिल्यांदा दोनच पानांवर मारून एक दिवस थांबावे. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो. निंबोळीने कीड लगेच मरत नाही. तिची भूक मंदावते आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले तरी मात्रा वाढवू नये, पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारावे. अझाडिरॅक्टिनचे प्रमाण 'पीपीएम'मध्ये लिहिलेली तयार औषधे वेगळी. त्यांचे प्रमाण लेबलावरचेच पाळावे.

मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर घोळक्याने बसून रस शोषणारे बारीक मऊ किडे, दिसला की लगेच फवारणीचीही गरज नसते. आधी त्या वसाहतीत नीट पाहावे. एखादा मावा फुगून तपकिरी, कागदी झालेला आणि त्याच्या पाठीला गोल भोक पडलेले दिसले, तर बारीक गांधीलमाशीने काम सुरू केले आहे. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चुळबुळ करत फिरणारी अळी म्हणजे ढालकिड्याचे पिल्लू. कीड समजून लोक तिलाच चिरडतात. अशा वेळी पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. मात्र झाडावर मुंग्यांची ये-जा असेल तर ती आधी तोडावी. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. मांडवाच्या दांड्यांना ग्रीसचा पट्टा लावला की काम होते. मावा वारंवार येत असेल तर युरिया किंवा ताजे शेणखत जास्त पडते आहे का, ते तपासावे. नत्र वाढले की पाने लुसलुशीत होतात आणि मावा तिकडेच धावतो.

वेलांची गोष्ट निराळी. दुधी किंवा कारले पिवळे पडून गळते, त्याची कारणे दोन. फळावर बारीक छिद्र आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. छिद्र नसेल तर परागीकरणच झालेले नाही. मग औषध नको, दुधीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा नरफुलाचा पराग मादीफुलाला हाताने लावावा. फळमाशीचा सापळा घेताना आतले आमिष पाहावे. आंबा-पेरूच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागते, वेलांवरच्या माशीला क्यू ल्युअर. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवाला टांगून उपयोग नाही. शिवाय सापळ्यात फक्त नर अडकतात. अंडी मादी घालते, म्हणून फळ धरल्याबरोबर त्याला कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी. किडके फळ कंपोस्टमध्ये टाकू नये, अळी मातीत जाऊन कोष करते. बंद प्लास्टिक पिशवीत घालून काही दिवस कडक उन्हात ठेवावे. वांग्याचा मान टाकलेला शेंडाही असाच, आत अळी असते आणि तिथे फवारा पोहोचत नाही. इंचभर खालून छाटून नष्ट करावा.

दोन गोष्टी मात्र छापूच नयेत, अशी कळकळीची विनंती. तंबाखूचा काढा 'घरगुती' म्हणून सुचवला जातो. निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवर जातो. दुसरे म्हणजे मुंग्यांचा खडू. त्यात डेल्टामेथ्रिनसारखे कीटकनाशक असते, खाण्याच्या भाजीच्या कुंडीवर त्याच्या रेघा ओढायच्या नसतात.

काही रोपवाटिकांत मोठ्या डब्यातले रासायनिक औषध छोट्या बाटलीत ओतून, लेबल न लावता विकले जाते. १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार अशी विक्री करता येत नाही. मूळ डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल. फवारणीनंतर भाजी किती दिवस तोडायची नाही, तेही त्यासोबत दिलेले असते. सुट्या बाटलीत यातले काहीच ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. या विक्रीवर आपल्या वार्ताहरांनी लिहावे. आणि बागेच्या सदरात प्रत्येक उपायासोबत किडीचे नाव, पानाच्या खालच्या बाजूचे छायाचित्र, लिटरमागे प्रमाण आणि फवारणीची वेळ द्यावी.

— गच्चीवर भाजी पिकवणारे काही वाचक, पुणे