साकुरा स्क्वेअरमधल्या आजींना

प्रिय आजी,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून आमच्या पद्धतीनं आजीच म्हणतो. मागच्या हिवाळ्यात डेन्व्हरच्या साकुरा स्क्वेअरमध्ये बस चुकलेला, तांदळाची पिशवी कवटाळून कुडकुडणारा मुलगा आठवतो का? तो मी. तुम्ही थर्मासमधला चहा दिलात, पुढची बस येईपर्यंत सोबत थांबलात आणि त्या पुतळ्याची गोष्ट सांगितलीत. त्याचे आभार मानायचे राहिलेत.

जपान्यांच्या चौकात हा गोरा कोण? मला वाटलं, दुकानाचे जुने मालक असतील. केवढ्या हसलात तुम्ही! मग सांगितलंत: हे राल्फ कार, १९३९ ते १९४३ कोलोरॅडोचे गव्हर्नर. क्रिपल क्रीक या खाणींच्या गावात वाढलेले, पेशानं वकील, पक्षानं रिपब्लिकन. जपानशी युद्ध पेटलेलं असताना, फेब्रुवारी १९४२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडावी लागली. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. आजूबाजूचे गव्हर्नर ‘आमच्याकडे नकोत’ म्हणत होते, तेव्हा कार म्हणाले, येऊ द्या. चिडलेल्या लोकांना त्यांनी तोंडावर सांगितलं की यांना त्रास द्यायचा तर आधी मला द्यावा लागेल.

त्याच वर्षी ते सिनेटची निवडणूक लढले आणि चार हजारांहून कमी मतांनी पडले. १९५० मध्ये पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, पण मतदानाआधीच वारले.

मी भारावून काहीतरी बोललो, तर तुम्ही लगेच थांबवलंत. “देव करू नकोस त्यांचा. काटेरी तारा होत्याच.” कोलोरॅडोतल्याच ग्रॅनडा गावाजवळ, घरं सोडावी लागलेल्यांसाठी उभारलेल्या अमाची कॅम्पमध्ये सात हजारांवर माणसं कोंडली होती, तुमचे आईवडील त्यांतलेच. नागरिकांना खटल्याशिवाय डांबणं घटनेत बसत नाही, हे कार बोलत राहिले. कॅम्प मात्र त्यांना थांबवता आला नाही. आमच्याकडे पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो आणि असलं अवघड काही कुणी बोलत नाही. तुम्ही ते बोललात, आणि बोलता बोलता हातमोज्यानं कारसाहेबांच्या डोक्यावरचा बर्फही झाडलात.

आणखी एक. थर्मासचं झाकण गडबडीत माझ्याच पिशवीत आलं. निळं, कडेला टवका उडालेलं. दोन रविवार चौकात येऊन गेलो, तुम्ही दिसला नाहीत. पुढच्या रविवारीही येतोय.

तुमचा,
तांदळाची पिशवीवाला