ओंकारची फाइल

स्टुटगार्ट, १५ जुलै २०२१

ती. आई-बाबांना सा. न.
ओंकार, तुला खूप आशीर्वाद.

फोनवर रोज बोलणं होतंच पण फोनवर एक जण सांगतो, दुसरा मध्येच विचारतो, तेवढ्यात रेंज जाते आणि नेमकं सांगायचं तेच राहून जातं, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय. बाबा, याची प्रिंट काढून ओंकारच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

आधी आईसाठी. आई, तू काल विचारलंस की कोरोनाचं एवढं सगळं चालू असताना ओंकारला जर्मनीला शिकायला पाठवायचंच का, एक सेमिस्टर थांबलं तर काय होतंय. मला कळतं गं तुझं. एप्रिल-मे मध्ये आपल्या गल्लीत जे झालं ते मी इथे बसून नुसतं ऐकत होते, कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येत नव्हतं. २६ एप्रिलला जर्मनीने भारताला व्हायरस व्हेरियंटवाल्या, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या देशांत टाकलं तेव्हा नवीन विद्यार्थ्यांना दारच बंद झालं होतं, ओंकारने तर आशाच सोडली होती. आता ७ जुलैपासून भारताला त्याच्या खालच्या, म्हणजे हाय इन्सिडन्सच्या (जास्त रुग्ण असलेल्या देशांच्या) यादीत आणलंय, आणि ज्याला इथे येण्याचं खरं कारण आहे आणि ते कागदावर दाखवता येतं त्याला येता येतंय. हे परत बदलू शकतं, मी नाही म्हणत नाही, सांगली-कोल्हापूरकडचे आकडे अजून खाली येईनात हे मी पण बघतेय. पण दार उघडं असताना आपली फाइल अर्धवट असली तर तो चान्स गेला. म्हणून जायचं की नाही हे सप्टेंबरमध्ये बघू, कागद मात्र आत्ता करायचे.

आता ओंकार, तू नीट वाच. सगळ्या कागदांचे दोन ढीग कर. एकात ज्यांची मुदत इतक्यात संपत नाही ते: पासपोर्ट, दहावी-बारावीच्या मार्कशीट, इंजिनिअरिंगच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, अ‍ॅडमिशन लेटर. हे आत्ता, या आठवड्यात. दुसऱ्यात ज्यांची तारीख चालू होते ते: आरटीपीसीआर, विमा, एन्ट्रीचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन, तिकीट. यांना आत्ता हात लावू नकोस. बरेच जण उलटं करतात, तिकीट आधी काढतात आणि मग व्हिसासाठी जीव टांगणीला. व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट नाही, बाबांनी कितीही घाई केली तरी.

मग नाव. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याच्याकडे कुणी बघतच नाही. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि गिव्हन नेममध्ये तुझं आणि बाबांचं एकत्र. आधारवर बघ काय आहे, कारण कोविनवर तू आधार दाखवून लस घेतली असशील तर तिथे तसंच आलं असणार. इथल्या माणसाला हे सगळे एकच मुलगा आहेत हे आपोआप कळत नाही, त्याला बाबांचं नाव मधलं असतं वगैरे काही माहीत नसतं. क्रम वेगळा असला तर चालतं, समजावून सांगता येतं, पण स्पेलिंग वेगळं नको. एका ठिकाणी डबल ए आणि दुसरीकडे एकच ए असं असेल तर आत्ताच सांग. कोविनवर लॉगिन करून ‘रेज अ‍ॅन इश्यू’ मध्ये गेलास की सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडता येतो, नाव पण तिथूनच दुरुस्त होतं, पण नावाची दुरुस्ती एकदाच करू देतात म्हणून पासपोर्ट समोर उघडून ठेवूनच टाइप कर आणि बाबांना वाचून दाखव.

लसीचं बाबा तुम्ही म्हणत होता की कुणाच्या ओळखीने दुसरा डोस लवकर मिळतोय का बघतो. नको बाबा. २८ दिवसांनी डोस द्यायची जी सोय केलीय ती ३१ ऑगस्टपर्यंत परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे, आपला ओंकार त्यात बसत नाही, आणि ज्याला खरंच ऑगस्टमध्ये जायचंय त्याला ती मिळू दे. शिवाय गरजच नाही. ओंकारचा पहिला डोस २४ जूनचा, दोन डोसमधले ८४ दिवस मोजले की १६ सप्टेंबर येतो, त्याच्यापुढे १४ दिवस गेले की इथे त्याला पूर्ण लस घेतलेला धरतात, म्हणजे ऑक्टोबर लागताच निघता येईल. त्याची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतायत. कोविशील्ड घेतली ते बरं झालं, जर्मनी ती मानते. तुमचे दोघांचे दुसरे डोस झालेत याचं मला किती बरं वाटतंय ते सांगून कळणार नाही.

पैशांचं आता. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, यावर्षी १०,३३२ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ८६१ प्रमाणे वर्षाचे. युरो ८८ च्या आसपास धरला तर नऊ लाखांच्या थोडं वर. तुम्ही एफडी मोडायचं म्हणताय पण लोन मंजूर आहे ना, मग तिथूनच जाऊ दे. परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठवताना ७ लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, स्वतःच्या पैशातून पाठवले तर ५ टक्के आणि एज्युकेशन लोनमधून गेले तर अर्धा टक्का. पाच टक्के कापले तरी रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं, बुडत नाही, पण उगाच दहा हजार अडकवून कशाला ठेवायचे. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरायला लागेल, पॅन आणि अ‍ॅडमिशन लेटरची कॉपी बरोबर न्या. पैसे जमा झाल्याचं कन्फर्मेशन २९ जुलैच्या व्हिसा अपॉइंटमेंटच्या आधी हातात पाहिजे म्हणून हे काम याच आठवड्यात. दुकानं चारला बंद होतात तसं बँकेतही उशिरा जाऊ नका, सकाळीच जा, मास्क दोन लावा.

ओंकार, युनिव्हर्सिटीला आजच ईमेल कर. तुझा कोर्स भारतात बसून पूर्ण ऑनलाइन करता येणार नाही, प्रत्यक्ष यावं लागतं, असं पत्र त्यांच्याकडून माग. सध्या विद्यार्थ्यांना याच कारणावर आत घेतायत आणि हा कागद जुन्या सीनियर लोकांच्या यादीत नसतो कारण त्यांच्या वेळी कोरोना नव्हता. हे व्हिसाला पण दाखव आणि विमानतळावर पण हातात ठेव. मोटिव्हेशन लेटर तू स्वतःच लिही, एजंटकडून घेऊ नकोस, तुला हा विषय का शिकायचाय हे तू मला ज्या तळमळीने सांगतोस तसंच साध्या इंग्लिशमध्ये लिही. व्हिसाच्या फॉर्मचे आणि झेरॉक्सचे दोन सेट कर, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, स्टुडिओवाल्याला माप लिहूनच दे.

तिकीट काढशील तेव्हा एअर बबलमधली (दोन देशांनी आपसात ठरवून चालू ठेवलेली) थेट फ्रँकफर्टची फ्लाइट बघ, चार पैसे जास्त गेले तरी. मध्ये दुसऱ्या देशात उतरलास की त्या देशाचे पण नियम आले आणि ते कधी बदलतील सांगता येत नाही. निघायच्या आधी इथल्या एन्ट्री पोर्टलवर माहिती भरायची आणि त्याचा पीडीएफ जवळ ठेवायचा. पत्ता माझा टाक. सध्याच्या नियमाने दोन्ही डोस झालेल्याला क्वारंटाइन लागत नाही, लसीचं सर्टिफिकेट तिथेच अपलोड करायचं. तरी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर करूनच निघ, आणि नियम फिरलाच तर माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, दहा दिवस आरामात राहशील, मी दाराशी ताट ठेवीन.

इथे आलास की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेव. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे लगेच हातात येत नाहीत, इथलं बँक खातं उघडून मग सुरू होतात, म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे फॉरेक्स कार्डवर वेगळे. ओरिजिनल कागद सगळे केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये एकही नाही.

आणि बाबा, पावसाळा आहे, फाइल खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही पाहिलंय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा आणि सगळं स्कॅन करून मला पण मेल करून टाका.

आई, तू आत्तापासून डबे भरायला घेतले असशील. तूप, पेढे, खवा काही देऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. भडंग दे, मेतकूट दे, आपले बेदाणे दे आणि तुझा मसाला नीट सील करून दे. त्याला कुकर लावायला आणि आमटी करायला शिकव, बाकी मी बघते. त्याची युनिव्हर्सिटी माग्देबुर्गला, माझ्यापासून लांब आहे पण फ्रँकफर्टला घ्यायला मी येणार आणि पहिले काही दिवस त्याच्याबरोबर राहून त्याचं सामान लावून देणार, सुट्टी सांगून ठेवलीय. तुझा मुलगा इथे उतरेल तेव्हा समोर घरचं माणूस असेल, एवढं नक्की.

मला इथून तिकडे कधी यायला मिळेल ते अजून ठरत नाहीये. दिवाळीला जमलं तर बघते, तोपर्यंत तुम्ही दोघं बाजारात जाणं कमी करा.

बाबा, बँकेतून आलात की लगेच फोन करा, माझी ऑफिसची मीटिंग असली तरी उचलेन. आणि ओंकार, आधार आणि पासपोर्टचे फोटो आज रात्रीच पाठव, स्पेलिंग मी बघते.

तुमची,
ताई