बागेतील बिनभोंग्याच्या गाण्याला मुभा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील आमच्या लेआऊटमधील, म्हणजे वसाहतीतील, बागेत गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी सायंकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात आम्ही पाच-सहा ज्येष्ठ नागरिक पेटी, ढोलक आणि खंजिरी घेऊन बसत होतो. ध्वनिवर्धक नव्हता, मंडप नव्हता, वर्गणीही नव्हती. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी बागेच्या रखवालदाराने संकोचतच सांगितले, "काकाजी, वरून निरोप आला आहे, परवानगीशिवाय इथं वाजवता येत नाही." आमची बैठक त्या दिवसापासून बंद आहे. परवानगीसाठी संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा हाती आलेल्या अर्जात मंचाचे मोजमाप, ध्वनिवर्धकांची संख्या आणि अनामत रक्कम यांचे रकाने होते. यांपैकी काहीच लागत नसेल तर अर्ज कसा भरावा, हे तेथील कर्मचाऱ्यांनाही सांगता आले नाही. रखवालदाराबद्दल किंवा त्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. भोंग्यावरचा कार्यक्रम आणि बाकावर बसून वाजवलेली पेटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तो फरक नियम लावताना केला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांत हा फरक आहेच. लेखी परवानगीची अट ध्वनिवर्धकासाठी आहे. रात्री १० ते सकाळी ६ या काळात मोकळ्या जागेत वाद्य वाजवण्यालाही मनाई आहे आणि ती योग्यच आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरलेली आहे. विसर्जनाच्या किंवा लग्नाच्या मिरवणुकीत डीजेमुळे घरांची तावदाने थरथरतात, पाळण्यातली मुले दचकून उठतात, त्या त्रासाविरुद्ध आम्हीही अनेकदा बोललो आहोत. पण त्या त्रासाचे उत्तर म्हणून बागेतील ढोलक बंद होत असेल, तर नियमाचा रोख भलतीकडेच वळला असे म्हणावे लागते.

नागपूरचा उन्हाळा वाचकांना नव्याने सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला की घरोघरी कूलर लागतात, दारे-खिडक्या ओढून घेतल्या जातात आणि शेजारच्या घरात कोण आजारी आहे, हेही कित्येक दिवस कळत नाही. एकाच गल्लीत वीस वर्षे राहून ज्यांच्याशी माझी फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती, त्यांची नावे मला या शनिवारच्या बैठकीत कळली. ढोलक वाजवणारे गृहस्थ सलग दोन शनिवार आले नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर ते तापाने फणफणलेले आणि घरी एकटेच होते. त्यानंतर आठवडाभर तीन घरांतून पाळीपाळीने त्यांचा डबा गेला. एका कुटुंबातील मुलाची परीक्षा होती. त्याच्या आईने येऊन तसे सांगितले, तेव्हा आम्ही बागेच्या दुसऱ्या टोकाला बसू लागलो; पुढे तोच मुलगा अभ्यास आटोपून ऐकायला येऊ लागला. ही तडजोड कोणत्याही कार्यालयाविना, दोन मिनिटांच्या बोलण्यात झाली होती.

असे एकत्र बसून गाणे या शहराला नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन विदर्भातील गावेच्या गावे सामुदायिक प्रार्थनेला एकत्र बसवली. ताजबाग दर्ग्याच्या उरुसात कव्वाली रंगते, भीमजयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून भीमगीते ऐकू येतात, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातात. भुलाबाईची खिरापत, म्हणजे झाकून ठेवलेला प्रसाद, ओळखताना अख्खी गल्ली दारात जमलेली मी लहानपणी पाहिली आहे. ज्या घरी मुली जायच्या, त्या घराशी भांडण असले तरी त्या महिनाभर ते बाजूला ठेवले जाई. पहाटे गात दान मागायला येणारा वासुदेव मात्र आता दिसेनासा झाला आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९५९ च्या कायद्याने गाऊन पैसे मागणे हेही भीक मागण्याच्याच व्याख्येत धरले, याची खंत वाटते.

दमट हवेत खंजिरीचे चामडे सैल पडते आणि थापेला नाद उरत नाही. गेल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा आमचे एक सहकारी बागेबाहेरच्या चहाठेल्यावर जाऊन शेगडीच्या धगीवर ती शेकून आणत. अंगठ्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत, बोटाने टिचकी मारून पाहत, पुन्हा धगीवर धरत. चहावाला आपली भांडी बाजूला सरकवून त्यांना जागा करून देई, आणि भोवती उभी असलेली गिऱ्हाइके पहिली खणखणीत थाप ऐकूनच चहाचा कप घेऊन बागेत येत. यांतील अर्धेअधिक आमच्या लेआऊटचेही नव्हते.

प्रत्येक प्रभागातील किमान एका बागेत, आठवड्यातून एक संध्याकाळ, ध्वनिवर्धकाविना गाण्या-वाजवण्यास कोणत्याही अर्जाशिवाय मुभा असावी आणि तसा फलक बागेच्या दाराशी लावावा, अशी माझी महापालिकेला विनंती आहे. वेळ आणि जागा रहिवाशांनी आपसांत ठरवावी. रुग्णालय किंवा शाळा जवळ असलेल्या बागा यातून वगळाव्यात. यासाठी पालिकेला फलकाखेरीज कोणताही खर्च नाही. आमच्या लेआऊटमधील मुलींना यंदा त्याच बागेत भुलाबाई बसवायची आहे, म्हणून हा निर्णय भाद्रपद पौर्णिमेच्या आत व्हावा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नागपूर